शाहीर साबळे ते 'बहरला हा मधुमास': घरातलं गाणं पुढच्या पिढीकडे कसं जातं?

'महाराष्ट्र शाहीर' हा चित्रपट २८ एप्रिल २०२३ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधीच त्यातलं 'बहरला हा मधुमास' हे गाणं रील्सवर गाजत होतं. त्यावर ताल धरणाऱ्या अनेक मुलांसाठी शाहीर साबळे हे आजोबांच्या काळातलं नाव होतं.

गाण्याची आवड आई-वडिलांकडून मुलांकडे नेमकी कशी जाते? सातारा आणि सांगलीशी नातं असलेली दोन घरं पाहिली, तर याचं उत्तर बऱ्यापैकी मिळतं.

पसरणीचे साबळे

कृष्णराव साबळे यांचा जन्म १९२३ चा, वाई तालुक्यातल्या पसरणीचा. पोवाडे, लोकगीतं आणि 'महाराष्ट्राची लोकधारा' ही त्यांची ओळख. मुलगा देवदत्त संगीतकार झाले, पण त्यांनी वडिलांची शाहिरी गिरवली नाही. 'ही चाल तुरुतुरु' आणि 'मनाच्या धुंदीत लहरीत ये ना' या त्यांच्या चाली तरुणांच्या ओठांवर बसल्या. नातू केदार शिंदे 'लोकधारा'त घडले, सिनेमाकडे वळले आणि जन्मशताब्दीच्या निमित्ताने आजोबांवरच चित्रपट केला. त्यात शाहिरांच्या पत्नीची, भानुमतींची भूमिका पणती सनाने केली.

सांगलीच्या आशाताई

आशा भोसले यांचा जन्म १९३३ चा, सांगलीचा. वडील मास्टर दीनानाथांचं नाट्यसंगीत हे त्या काळातलं लोकप्रिय संगीतच होतं. आशाताई मात्र सिनेमा, कॅबरे, गझल असा प्रवास करत साठी ओलांडल्यावर १९९७ मध्ये 'जानम समझा करो' या पॉप अल्बमपर्यंत पोहोचल्या. मुलगा हेमंत भोसले यांच्या चालीही त्यांनी गायल्या. म्हणजे इथे मुलाने चाल दिली आणि आईने ती गायली.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी दिसते. मुलांना गाणं बदलण्याची मोकळीक होती, आणि गाणं सगळ्यांच्या कानांवर पडत होतं.

मग आता काय बदललं?

रेडिओ किंवा टेपरेकॉर्डर घरात एकच असायचा. वडिलांची कॅसेट मुलांना आणि मुलांची वडिलांना ऐकावीच लागायची. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, प्रत्येकाच्या हातात फोन आला. ॲप ज्याला-त्याला त्याच्याच आवडीचं सुचवतं. एकाच खोलीत तिघं बसतात आणि तीन वेगळी गाणी ऐकतात.

साबळे यांच्या आवाजात घरोघरी पोहोचलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालं. त्यामुळे ते शाळेशाळेत पोहोचलं. पण सरकारी निर्णयाने गाणं पाठ होतं, त्याची गोडी लागतेच असं नाही.

ती लागायला इयरफोन काढून स्पीकर लावावा लागतो. आणि मुलांनी जुनी गाणी ऐकावीत असं वाटत असेल, तर त्यांची नवी गाणीही मोठ्यांनी पूर्ण ऐकायला हवीत.