वैद्य कोणांतून निवडावे?

रोग ओळखणे ही वैद्यकीची पहिली पायरी, आणि रोग्याचे म्हणणे समजून घेणे ही त्याच्याही आधीची. रक्ताची व लघवीची परीक्षा मागाहून होते. प्रथम येतो तो ‘काय होते?’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर. ते उत्तर ज्यास कळत नाही, किंवा ज्याच्यासमोर ते देण्याचा रोग्यास धीर होत नाही, त्याची विद्या कितीही मोठी असली तरी अर्धीच कामास येते. म्हणून वैद्यकीय विद्यालयांत कोणाची मुले शिरतात हा केवळ त्या मुलांच्या भाग्याचा प्रश्न नसून रोग्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्याच तालुक्याचे उदाहरण घेऊ. समुद्रकाठच्या भुईगावच्या पंचक्रोशीत सामवेदी ख्रिस्ती घरांतून कादोडी बोली चालते. वाडवळांची बोली निराळी, कोळ्यांची त्याहून निराळी. थोडे पूर्वेस नालासोपाऱ्यास आले की हिंदी, भोजपुरी, गुजराती व उर्दू कानी पडते. लोहमार्ग ओलांडून डोंगराकडे वळावे तो वारली, मल्हार कोळी व कातकरी ह्यांचे पाडे लागतात. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दीत १२ लाखांवर वस्ती होती. २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेला जो पालघर जिल्हा, त्याच्या प्रदेशात त्याच जनगणनेप्रमाणे शेकडा ३७ च्या सुमारास लोक अनुसूचित जमातींचे होते. एवढ्या नाना तऱ्हेच्या लोकांस औषध देणारा वर्ग मात्र थोड्या शहरांतून, थोड्या घराण्यांतून व महागड्या शिकवण्यांतून तयार व्हावा, ही व्यवस्था शहाणपणाची आहे काय? आमच्या व्यापारी वाचकांस ह्याचा खुलासा करणे नलगे. ज्यास बाजारात टिकावयाचे आहे तो दुकानदार गिऱ्हाइकाची बोली शिकतो, निदान ती जाणणारा माणूस तरी गल्ल्याशेजारी बसवितो. दवाखान्याने मात्र आजारी माणसानेच आपली भाषा शिकून यावे अशी अपेक्षा धरावी, हे विपरीत होय.

हा विचार नवा नाही. पुरुष डॉक्टरांस प्रकृती दाखविण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया एकोणिसाव्या शतकात घरोघर होत्या. त्यांच्यासाठी पुरुष डॉक्टरांची संख्या वाढवून काय होणार होते? उपाय एकच होता, आणि तो म्हणजे स्त्रियांसच डॉक्टर करणे. कल्याण ज्यांचे माहेर त्या आनंदीबाई जोशी ह्याच हेतूने अमेरिकेस गेल्या व १८८६ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या. रखमाबाईंनी लंडनास शिकून सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. मुंबईत ह्या कामी पुढे सरसावले ते व्यापारी व दानशूर गृहस्थ होते. किट्रेज नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने व सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांनी फंड उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांच्या देणगीतून १८८६ साली स्त्रियांचे रुग्णालय उघडले. आणि १८८३ पासून ग्रँट मेडिकल कॉलेजाचे दार स्त्रियांस मोकळे झाले. त्याही वेळी ‘बायकांस हे झेपेल काय?’ असे विचारणारे पुष्कळ होते. आज तो प्रश्न विचारण्याची कोणासही लाज वाटेल. मग जो न्याय स्त्रियांस लागू पडला तो वारल्यास व कातकऱ्यास का लागू पडू नये?

ह्यास अनुभवाचाही आधार आहे. जामखेड येथे १९७० साली कामास आरंभ करून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने गावच्याच स्त्रियांस, त्यातही दलित व निरक्षर स्त्रियांस, आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी खेड्यांतील स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करविली. त्या गावांतील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचा वृत्तान्त १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांपाशी पदवी नव्हती. ओळख, विश्वास व घरची भाषा होती. थोड्याशा शिक्षणास ह्या तिहींची जोड मिळताच जर एवढे होते, तर पूर्ण शिक्षणास ती मिळाल्यावर काय होणार नाही? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने बालके दगावली. त्याचे मूळ दारिद्र्यात होते, हे आम्ही जाणतो. परंतु मूल खंगत चालले आहे हे वेळीच ओळखून आईस तिच्या बोलीत समजावणारे माणूस पाड्यावर असणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

कोणी म्हणेल, ह्याने गुणवत्तेस बाध येईल. आम्ही गुणवत्तेचे शत्रू नव्हे. अडाणी वैद्य कोणत्याही जातीचा असो, तो घातकच. परंतु अंतिम परीक्षा सर्वांस एकच आहे, आणि ती उतरल्यावाचून कोणासही रोग्यास हात लावता येत नाही. तंटा आहे तो प्रवेशाचा. १९५१ साली मद्रास प्रांतातील वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांच्या खटल्यावरूनच राज्यघटनेत १५(४) हे कलम घातले गेले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशांच्याच प्रकरणी खुल्या परीक्षेतील गुण म्हणजेच सारी गुणवत्ता नव्हे, असा निर्वाळा दिला. शिकवणीवर लाखो रुपये खर्चणाऱ्याचे गुण आणि आश्रमशाळेत विज्ञानाच्या मास्तराची वाट पाहणाऱ्याचे गुण एकाच तागडीत टाकावयाचे, आणि काटा झुकला की त्यास न्याय म्हणावयाचे, हे आम्हांस मान्य नाही.

तथापि राखीव जागा म्हणजे केवळ दरवाजा. तेथवर पोहोचण्याची वाट बांधणे हे निराळे काम आहे. २०१७ पासून नीटची परीक्षा मराठीतून देता येते, हे ठीकच झाले. पण प्रश्नपत्रिका मराठीत आली म्हणून शिकविणारा येत नाही. तेव्हा आमच्या सूचना अशा: पालघर जिल्ह्यातील प्रत्येक आश्रमशाळेस विज्ञानाचे पुरे शिक्षक व प्रयोगशाळा मिळावी आणि ह्या परीक्षेची तयारी तेथेच विनामूल्य व्हावी. तामिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतील मुलांसाठी शेकडा साडेसात जागा राखल्या, त्या धर्तीवर महाराष्ट्रानेही कायदा करावा. आशा व आरोग्यसेविका ह्यांस नोकरी सांभाळून परिचारिकेच्या पदवीपर्यंत चढता यावे. आणि प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याची त्याच्या जिल्ह्यातील एका बोलीत तोंडी परीक्षा व्हावी.

सरकारने हे करावेच; पण वसईच्या पेढीवाल्यांनी, बागायतदारांनी व मच्छीमार सोसायट्यांनी सरकारच्या तोंडाकडे पाहत बसू नये. वसतिगृहातील एक खोली, पाच वर्षांची एक शिष्यवृत्ती, पुस्तकांचा एक संच, एवढे देण्याची ऐपत ह्या तालुक्यात पुष्कळांस आहे. ज्या मुंबईने स्त्री-डॉक्टरांसाठी थैल्या मोकळ्या केल्या, तिच्या शेजारच्या वसईने पाड्यावरच्या मुलीस डॉक्टर करण्यासाठी हात आखडता घ्यावा, असे घडू नये.