संसारांतील चार गोष्टी : दोष कोणाचा ?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं एक लहानसा खटला चालला. आरोपी आमचा बारा वर्षांचा नातू, फिर्यादी आम्ही, आणि दुर्दैवानें न्यायाधीशही आम्हीच. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. कारण ज्या घरांत एकाच डेस्कटॉप कॉम्प्युटरवर आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचा हात फिरतो, तेथें असा खटला केव्हां ना केव्हां उभा राहतोच.

आमच्या तीर्थरूपांनीं स्वहस्तें लिहिलेल्या पोथ्यांचीं पानें आतां इतकीं जीर्ण झालीं आहेत कीं, उलटतांना त्यांचे कोपरे हातांत येतात. म्हणून त्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं एका बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कवर साठविलीं होतीं. पुढें माजघरांतील मांडणी बदलली. कॉम्प्युटरचा डबा भिंतीकडील फडताळांत गेला. तेथून टेबलापर्यंत तीन मीटरांची यूएसबी एक्स्टेन्शन केबल आणली आणि तिच्या टोंकास चार तोंडांचा हब लावला. कीबोर्ड, माउस, परगांवच्या लेकीशीं बोलण्याचा कॅमेरा आणि ही डिस्क, असे चौघे एकाच पंगतीस बसले.

छायाचित्रांची दुसरी प्रत करावयास बसलों, तों निम्म्यावर डिस्क टकटक आवाज करून पडद्यावरून नाहींशी झाली, आणि ‘हें उपकरण ओळखतां येत नाहीं’ अशी सूचना आली. पुन्हां लावली, पुन्हां तेंच. आदल्या रात्रीं नातवानें खेळाचा जॉयस्टिक जोडला होता हें आम्हांस आठवलें, आणि आम्ही त्याला नाहीं नाहीं तें बोललों. ‘आजोबा, मीं डिस्कला हातसुद्धां लावला नाहीं हो,’ असें तो म्हणाला. आम्हीं तें मानलें नाहीं. पोर त्या रात्रीं न जेवतां निजलें.

दुसऱ्या दिवशीं सूनबाई हळूच म्हणाल्या, ‘मामंजी, तुम्ही शाळेंत अन्वय आणि व्यतिरेक शिकवीत होतां ना ? इथें तो लावून पाहिलात का ?’ आम्ही निरुत्तर झालों. जेथें धूर तेथें अग्नि, हा अन्वय. जेथें अग्नि नाहीं तेथें धूरही नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही पाहिल्याखेरीज कारण ठरवूं नये, हें चाळीस वर्षें दुसऱ्यांस सांगितलें, आणि घरांत मात्र एका संशयावर निकाल दिला !

मग एका वेळीं एकच बदल करावयाचा, असा नियम घालून बसलों. प्रथम हब आणि केबल दोन्ही काढून डिस्क डब्याच्या मागील तोंडांत थेट लावली. ती मुकाट्यानें चालूं लागली; म्हणजे डिस्क निर्दोष. नातवाचा जॉयस्टिक शेजारीं लावला, तरी ती चालूच राहिली. म्हणजे नातूही निर्दोष. नंतर मध्यें केवळ लांब केबल घातली. डिस्क टकटकली आणि गेली. त्याच केबलीवर कीबोर्ड मात्र उत्तम चालला. शेवटीं केबल काढून केवळ हब लावला. कॅमेरा सुरू करतांच डिस्क पुन्हां गेली. केबल तुटलेली नव्हती, हबही बिघडलेला नव्हता. तुटवडा होता तो विजेचा.

यूएसबीच्या तोंडांतून ५ व्होल्टची वीज मिळते. यूएसबी २.० च्या तोंडास ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या तोंडास ९०० मिलिअँपिअर, अशी शिध्याची मर्यादा नियमानें ठरलेली आहे. ज्या २.० हबास स्वतःचा अडॅप्टर नाहीं, तो ते ५०० चारांत वांटतो. प्रत्येकाच्या वांट्यास १०० येतात. कीबोर्डास तेवढे पुरतात. पण डिस्क फिरूं लागतांना त्याच्या कितीतरी पट मागते. त्यांत केबलीची तार बारीक. २८ गेजच्या तारेंतून अर्धा अँपिअर तीन मीटर जाऊन परत येतांना सुमारें ०.६४ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. २४ गेजच्या जाड तारेंत सुमारें ०.२५. गेजचा आंकडा लहान तितकी तार जाड, हें केबल घेतांना ध्यानांत धरावें; तो आंकडा बहुधा तिच्या अंगावरच छापलेला असतो.

ही पद्धत १९९६ सालीं सात कंपन्यांच्या सहकार्यानें प्रथम जाहीर झाली. तत्पूर्वीं कीबोर्ड, प्रिंटर इत्यादिकांस निरनिराळीं तोंडें लागत. तिच्या जनकांत गणले जाणारे इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी, हें वाचून बडोद्यास आप्त असलेल्या आमच्या वाचकांस संतोष होईल. एका कॉम्प्युटरला हबांच्या साह्यानें १२७ उपकरणें जोडतां येतात, असें नियम सांगतो. पण पंगतीस पानें मांडलीं म्हणजे अन्न पुरेलच असें नव्हे.

तात्पर्य, डिस्क नेहमीं मागील तोंडांत थेट लावावी. पुढील तोंडें डब्याच्या आंतून आणखी एका तारेनें जोडलेलीं असतात. हब घेणें तर अडॅप्टरसह घ्यावा. २.० ची केबल पांच मीटरांपलीकडे नेऊं नये. डिस्क ओढून काढूं नये. आधीं पडद्यावर तिला निरोप द्यावा. आणि लांब केबल सर्वस्वीं वाईटच असेंही नाहीं. बिनतारी माउसची कळ ३.० च्या डिस्कशेजारीं असली, तर डिस्कच्या गोंगाटानें बाण अडखळतो. ती कळ हातभर केबलीनें दूर नेली कीं बरें होतें.

छायाचित्रांची दुसरी प्रत त्याच संध्याकाळीं पुरी झाली. एकही पान गेलें नाहीं. ती करावयास आम्हीं नातवासच बसविलें आणि सर्व मंडळींदेखत त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, ‘असूं दे आजोबा, पण पुढच्या वेळीं आधीं वायर बघा.’ हा निकाल आम्हांस मान्य आहे. वायर बदलतां येते. मुलाच्या मनांतील अढी काढावयास कोणताही अडॅप्टर मिळत नाहीं.