आकड्यामागचे शेत

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या पट्ट्यातील गाव. या पट्ट्यात हंगामाच्या शेवटी पीक कापणी प्रयोग होतात. निवडलेल्या बांधीत ठरावीक मापाचा तुकडा आखून तेथील धान कापले, मळले व तोलले जाते. अशा वजनांवरून परिसराचे हेक्टरी उत्पादन ठरते आणि पीकविम्याच्या भरपाईचा हिशेबही त्यावर बेततो.

पुढची आकडेमोड संगणक क्षणार्धात करतो. त्यामुळे माहिती-विश्लेषकाला संगणकाची साधने आली की पुरे, असा समज रूढ होत आहे. तो मला अपुरा वाटतो.

सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे कार्य येथे आठवते. कापणीचा तुकडा फार लहान असेल, तर उत्पादन वास्तवापेक्षा अधिक भरते, हे त्यांनी १९४६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. सीमारेषेवरील रोपे आतली की बाहेरची, हा प्रश्न शेतात पडतो आणि ती आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. तुकडा जितका लहान, तितका कडेचा वाटा मोठा. असे कितीही तुकडे कापले तरी ही चूक फिटत नाही, कारण प्रत्येक तुकडा एकाच बाजूला झुकलेला असतो. दोष सूत्रात नव्हता, तो विळ्याच्या फेऱ्यात होता.

आजही तक्त्यात एका बांधीपुढे शून्य दिसले, तर त्याचा अर्थ काय घ्यावा? पीक बुडाले, भारी धान असल्याने कापणी व्हायची होती, की नोंदच राहून गेली? चुकीचा अर्थ लावला, तर नुकसान सोसलेला शेतकरी भरपाईला मुकू शकतो.

म्हणून साधनांच्या जोडीला तीन गुण हवेत : आकडा कसा जन्मला हे विचारण्याची चिकाटी, हलके धान, भारी धान, रोवणी हे शब्द जाणून माणसांचे ऐकण्याची तयारी, आणि निष्कर्ष त्याच्या मर्यादांसह सोप्या मराठीत लिहिण्याची हातोटी. यांतील शेवटचे दोन गुण भाषेच्या अभ्यासातूनच घडतात. तेव्हा मराठीच्या विद्यार्थ्याने आकड्यांचे क्षेत्र परके मानू नये. गणित व संगणक त्याला शिकावे लागतील, परंतु ऐकणे आणि नेमके लिहिणे यांचा सराव तो आजच करीत आहे.