रेस लावा, पण रस्ता बंद करून

मे महिना संपत आला की तुमच्या ग्रुपवर ती क्लिप हमखास पडते. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, दारात खुर्च्या टाकून बसलेली माणसं आणि त्यांच्यापासून हाताच्या अंतरावरून सुर्रकन निघून जाणारी मोटारसायकल. खाली कुणीतरी लिहितंच, ‘आयुष्यात एकदा तरी जायचं राव!’ ही आयल ऑफ मॅन टीटी. ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात एक छोटं बेट आहे. लोकसंख्या जेमतेम ८५ हजारांच्या आसपास. तिथल्या साध्या, रोजच्या वापराच्या रस्त्यांवर १९०७ पासून ही शर्यत होते. एक फेरी सुमारे ६०.७ किलोमीटरची आणि वळणं दोनशेच्या वर. २०२३ मध्ये पीटर हिकमननं ही फेरी १७ मिनिटांच्या आत संपवली, म्हणजे सरासरी वेग ताशी २१९ किलोमीटर! नगर ते पुणे अंतराचा साधारण अर्धा भाग समजा. आपल्याला तेवढ्या वेळात सुपाही येत नाही.

जगभरातले बाइकवेडे तिथे जातात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरून बोटीत गाडी चढवायची, डग्लस बंदरात उतरायचं, दिवसभर रेस बघायची आणि रेस नसेल त्या दिवशी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर ट्रेल रायडिंग करायचं. तुम्हालाही जावंसं वाटत असेल, तर जरूर जा. व्हिसा, विमान आणि बोटीचं तिकीट यांसाठी आतापासून पैसे साठवा. पण तिथून परत येताना सोबत काय आणायचं, याबद्दल मला बोलायचंय. कारण आपण त्या क्लिपमधून फक्त वेग उचललाय. वेगाच्या आधी तिथे जे घडतं, ते क्लिपमध्ये दिसतच नाही.

तिथे आधी रस्ता बंद होतो. तोही कायद्यानं. १९०३ मध्ये ब्रिटननं मोटारींना ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली. मग शर्यती घ्यायच्या कुठे? आयल ऑफ मॅनला स्वतःची संसद आहे. तिनं १९०४ मध्ये कायदा करून शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ते बंद ठेवायची सोय केली. तीन वर्षांनी टीटी सुरू झाली. पहिल्या शर्यतीत एक सिलिंडरच्या गटात जिंकलेल्या चार्ली कॉलियरचा सरासरी वेग होता ताशी ६१ किलोमीटर. आज तुमच्या वडिलांची शंभर सीसीची गाडीसुद्धा हा वेग आरामात गाठेल. म्हणजे मोठा वेग पुढे आला, आधी आला तो कायदा. आजही शर्यतीच्या वेळी रस्त्यावर समोरून एकही वाहन येत नाही. ठिकठिकाणी झेंडे घेतलेले शेकडो स्वयंसेवक मार्शल उभे असतात आणि हेलिकॉप्टर तयार असतं. स्पर्धकसुद्धा एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतरानं एकेक सुटतो.

आता आपल्या केडगावच्या बायपासकडे या. रविवारी पहाटे किंवा रात्री जेवणं झाल्यावर. सायलेन्सरचे फटाके, व्हीली, दोन गाड्या शेजारी-शेजारी आणि मागे एकजण मोबाइल धरून. समोरून ऊसाची ट्रॉली येतेय, तिला मागे लाल दिवा नाही. मध्येच दुभाजक फोडून केलेला रस्ता आहे, तिथून दुधाचे कॅन लावलेली एखादी मोटारसायकल आडवी येते. टीटीतल्या रायडरला हे चित्र दाखवलं तर तो गाडी सुरूसुद्धा करणार नाही.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे. एकट्या महाराष्ट्रातले मृत्यू १५ हजारांवर. हे सगळे काही रेस लावून गेले नाहीत, हे मान्य. पण ज्या रस्त्यावर नुसतं चालवणंच इतकं धोक्याचं आहे, तिथे आपण शौक म्हणून आणखी धोका ओततोय. आणि तो फक्त आपल्या वाट्याचा नसतो. दूधवाल्यानं कुठल्या रेसमध्ये नाव दिलं होतं?

‘मग काय, आम्ही बाइक चालवायचीच नाही का?’ असं तुम्ही म्हणाल. नाही, मी अगदी उलट म्हणतेय. आपल्याकडे रेसला बंदी आहे, हे अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ वाचा. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली, तर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातले ‘लेखी संमतीशिवाय’ हे शब्द पुन्हा वाचा. कायद्यानंच एक दार ठेवलंय. चेन्नईत २०२४ मध्ये शहरातल्या रस्त्यांवर साडेतीन किलोमीटरचा सर्किट करून रात्रीची कार रेस झाली. हैदराबादेत २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई झाली. ते दार मोठ्या शहरांसाठी, मोठ्या पैशांसाठी उघडतं. आपण नगरकरांनी ते कधी वाजवून बघितलंय का?

रस्ता बंद करणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेला गर्दी होते, तेव्हा वाहतूक वळवतातच. गणपतीची मिरवणूक असते, निवृत्तीनाथांची पालखी नगरमधून जाते. लोक कुरकुर न करता वळसा घालतात, कारण कधी, कुठे आणि किती वेळ ते आधी माहीत असतं.

आणि शर्यतीला नियम लावून ती वाचवणं, हे तर आपल्या जिल्ह्यानं डोळ्यांदेखत पाहिलंय. बैलगाडा शर्यत आठवा. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. मग राज्यानं कायदा केला, नियम आले, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आली, धावपट्टीच्या लांबीला मर्यादा आली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा वैध ठरवला. या सगळ्यात गाडामालक चोरून रात्री हायवेवर गाडे पळवत बसले असते, तर काय झालं असतं? ते संघटित झाले, कागदपत्रं घेऊन भांडले. बैलगाड्याला घाट मिळतो, मग मोटारसायकलला का नाही?

आता दोन आक्षेप. पहिला घरच्यांचा : ‘परवानगी दिली की पोरं आणखी चेकाळतील.’ मला तसं वाटत नाही. गल्लीत क्रिकेट खेळून काचा फोडणाऱ्या पोरांना मैदान दिलं की काचा फुटायच्या कमी होतात. शिवाय अधिकृत स्पर्धेत उतरायचं तर लायसन्स, गाडीची तपासणी, पूर्ण गिअर आणि घरच्यांना माहीत असणं, हे सगळं आलं. बायपासवर यातलं काहीच लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. टीटी हा काही आदर्श नाही. त्या डोंगरी मार्गावर १९११ पासून २६० हून जास्त रायडर्सचा जीव गेलाय. २०२२ च्या एका स्पर्धेनं सहा जणांचा बळी घेतला. १९७२ मध्ये मित्र गेल्यावर जगज्जेता जाकोमो अगोस्तिनी पुन्हा तिथे धावला नाही आणि १९७६ नंतर जागतिक स्पर्धेच्या यादीतून टीटी गेली. रस्ता बंद केला तरी भिंत आणि झाड तिथेच राहतात. म्हणून टीटीची नक्कल नकोच. आपल्याला हवा तो मातीचा ट्रॅक. वेग कमी, उड्या जास्त, आणि पडलात तरी खाली माती. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती टाकून सुपरक्रॉस लीगची फेरी झालीच की. जागा, माती, पाण्याचा टँकर, जेसीबी, अॅम्ब्युलन्स आणि देशातल्या मोटारस्पोर्टची संघटना एफएमएससीआय हिचे नियम. यातली कुठली गोष्ट नगरला अशक्य आहे? ज्या गावात लुना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना दौंड रस्त्यावर उभा राहिला, जिथे व्हीआरडीईमध्ये लष्कराच्या गाड्यांच्या चाचण्या होतात, त्या गावातल्या पोरापोरींना गाडी पळवायला एक एकर माती मिळू नये?

ट्रेल रायडिंगचंही तसंच. हल्ली एडीव्ही गाड्या आल्यात आणि रविवारी माळावर चाकांचे ठसे दिसायला लागलेत. आयल ऑफ मॅनमधल्या कच्च्या वाटांवरही नंबर प्लेट, लायसन्स, विमा लागतो आणि काही वाटा मोटारसायकलींना बंद असतात. २००१ मध्ये तर जनावरांना लाळ्या-खुरकूत पसरू नये म्हणून अख्खी टीटी रद्द केली होती. शेतकऱ्यांच्या मेंढ्यांसाठी! आपल्याकडेही गायींमागे घर चालतं, त्यामुळे हे आपल्याला तरी समजावून सांगायला नको.

आपला माळ ओसाड वाटतो, पण ओसाड नसतो. टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. एका टायरखाली घरटं गेलं तर तुम्हाला हेल्मेटमधून कळणारसुद्धा नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडही अभयारण्यच. तिथे वाट सोडून गाडी घालणं म्हणजे धाडस नाही, तो गुन्हा आहे. मग जायचं कुठे? आपल्याकडे पाणंद रस्ते आहेत, शिवरस्ते आहेत. ते गावनकाशावर आहेत. ग्रामपंचायतीला विचारून, पेरणी आणि काढणीचे दिवस टाळून, मोजक्या गाड्यांनी, सायलेन्सर मूळचा ठेवून जाता येईल. वाटेत चहा गावातल्याच टपरीवर घ्यायचा, बांधावर गाडी चढवायची नाही, समोर गुरं आली की इंजिन बंद.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. यंदा टीटीची क्लिप फॉरवर्ड करताना खाली आणखी एक कागद जोडा : जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज. मागणी एका मैदानाची, वर्षातून दोन दिवसांची. कॉलेजच्या क्रीडा विभागाचं पत्र घ्या, मेकॅनिकलच्या मित्रांकडून ट्रॅकचा आराखडा काढून घ्या, ज्या गॅरेजवाल्याकडे रोज पडीक असता त्याचीही सही घ्या. पहिल्या वेळी नकार येईल, कदाचित दुसऱ्यांदाही. बैलगाडावाल्यांनाही परवानगी एका अर्जात मिळाली नव्हती. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत बायपासवर हेल्मेट घालून, आपल्या लेनमध्ये, साठच्या आत. पहिली टीटी तेवढ्याच वेगानं जिंकली गेली होती.