हौसेला मोल नाही, पण हप्ता आहे

धारूरच्या बसस्टँडसमोर नारंगी रंगाची, काळ्या बॉनेटवर दोन पांढरे पट्टे असलेली गाडी उभी राहिली, तर चहाच्या टपरीवरची निम्मी पोरं उठून तिच्याभोवती फिरतात. दोघं-तिघं सेल्फी काढतात, एक जण खिडकीतून मीटर बघतो आणि विचारतो, ''किती पळते?'' ''केवढ्याला पडली?'' हा प्रश्न सहसा दुसरा येतो. आज आपण तो आधी विचारू.

निमित्त घरचंच आहे. माझा मामेभाऊ चाकणला एका कंपनीत कामाला आहे. पर्मनंट झाला, पगार वाढला, आता यंदाच्या दिवाळीत गाडी घ्यायचीच असं त्याने ठरवलंय. गाडीही ठरलीय, टाटाची अल्ट्रोझ रेसर. व्हेरियंटही ठरलंय, सगळ्यात वरचं आर-थ्री. ''घ्यायची तर टॉप घ्यायची, नाहीतर घ्यायचीच कशाला?'' हे त्याचं म्हणणं. तुमच्या मित्रांपैकी निदान चार जणांचं हेच म्हणणं असणार. मलाही महिनाभरापूर्वी ते पटलं असतं. मग मी वही घेऊन बसले.

रेसर जून 2024 मध्ये आली तेव्हा तिच्या एक्स-शोरूम किमती होत्या आर-वन 9.49 लाख, आर-टू 10.49 लाख आणि आर-थ्री 10.99 लाख. आता गंमत बघा. तिन्हींच्या बॉनेटखाली तेच 1.2 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, जे नेक्सॉनमधून आलं. ताकद तीच, 120 पीएस. टॉर्क तोच, 170 न्यूटन मीटर. गिअरबॉक्सही तोच, सहा गिअरचा मॅन्युअल. म्हणजे आर-वनवरून आर-थ्रीवर जाताना तुम्ही दीड लाख जास्त मोजता आणि गाडी एका पीएसनेही जास्त ताकदवान होत नाही. त्या दीड लाखात येतं ते सनरूफ, 360 अंशांचा कॅमेरा, हवा खेळणाऱ्या सीट, एअर प्युरिफायर आणि मोबाइलला जोडलेली कनेक्टेड यंत्रणा. वाईट काहीच नाही यात. एप्रिलमध्ये बीडहून धारूरला दुपारी दोन वाजता येऊन बघा, पाठीला हवा लागणारी सीट चैन वाटणार नाही. पण हा परफॉर्मन्स नव्हे, हा आराम आहे. ''टॉप परफॉर्मन्स व्हेरियंट'' या तीन शब्दांत टॉप आणि परफॉर्मन्स एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, आणि पोरं नेमकी इथेच फसतात.

दीड लाखावर गोष्ट थांबतही नाही. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारवर 10 लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स आहे, 10 लाखांच्या पुढे 12 टक्के. आर-वन त्या रेषेच्या अलीकडे, आर-थ्री पलीकडे. आर-वनचा टॅक्स सुमारे 1 लाख 4 हजार होतो, आर-थ्रीचा सुमारे 1 लाख 32 हजार. म्हणजे दोघींतलं खरं अंतर झालं 1 लाख 77 हजारांच्या पुढे. शिवाय 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस लागतो. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरल्यावर वळता होतो हे खरं, पण आधी खिशातून जातोच. आता हे वरचे पावणेदोन लाख साडेनऊ टक्के व्याजाने सात वर्षांच्या कर्जात टाका. महिन्याला साधारण 2,900 रुपये, सात वर्षांत मिळून 2 लाख 44 हजार. माझ्या मेसचं महिन्याचं बिल यापेक्षा कमी आहे.

मग अख्खी रेसरच चुकीची का? तर नाही, आणि इथे मला माझ्याच ऑफिसातल्या काही सिनिअर मंडळींशी भांडावं लागतं. त्यांचं मत असं की गाडी म्हणजे चार चाकं, बाकी सगळा तोरा. त्यांनी एकदा तेलगावहून धारूरला घाट चढून यावं. गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर, तोही दोन ट्रॉल्यांचा. साध्या अल्ट्रोझचं पेट्रोल इंजिन 88 पीएस आणि 115 न्यूटन मीटरचं आहे. चढावर त्याला दुसऱ्या गिअरमध्ये ओरडवावं लागतं. टर्बोमध्ये इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक छोटं चक्र फिरवतो, ते चक्र सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतं, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं आणि कमी फेऱ्यांवरच जोर मिळतो. रेसरचा पूर्ण टॉर्क 1,750 फेऱ्यांपासून हाताशी असतो. ट्रॅक्टरच्या शेजारून जाताना समोरच्या लेनमध्ये तुम्ही सहा सेकंद असता की नऊ, याने फरक पडतो. ही ताकद शायनिंगची नाही.

पण लगेच दुसरी बाजूही सांगते. आमच्या घाटात अडचण ताकदीची कमी आणि नजरेची जास्त आहे. रस्ता जागोजागी अरुंद, वळणं आंधळी, आणि वळणापलीकडे काय आहे ते 120 पीएसलाही दिसत नाही. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा आकडा या रस्त्यावर कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून माझा हिशोब असा: साध्या अल्ट्रोझवरून रेसरच्या आर-वनवर जायला जे पैसे लागतात त्यात निदान इंजिन मिळतं. मे 2025 मध्ये नवी अल्ट्रोझ आली तेव्हा ती 6.89 लाखांपासून सुरू होत होती. तिथून आर-वनपर्यंत 2 लाख 60 हजार, त्यात 32 पीएस, 55 न्यूटन मीटर, सहावा गिअर आणि वर बराच साज. महाग आहे, पण ज्याला गाडी चालवायची आवड आहे त्याने विचार करावा इतपत आहे. वरच्या दीड लाखाबद्दल मी असं म्हणू शकत नाही.

हे फक्त टाटाचं नाही. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटी एन लाइनमध्येही खालच्या एन-सिक्सला आणि वरच्या एन-एटला एकच 1.0 लिटरचं 120 पीएसचं टर्बो इंजिन. युरोपात जी खरी आय-ट्वेंटी एन विकली गेली, ती 1.6 लिटरची, 204 पीएसची. ती आपल्याकडे आलीच नाही, आपल्याकडे आलं ते तिचं आडनाव. थोडं कडक सस्पेन्शन आणि आवाजदार एक्झॉस्ट मिळतो, हे मान्य.

आणि ज्यांना वाटतं की या किमतीत यापेक्षा जास्त देणं शक्यच नाही, त्यांनी आपल्याच पुणे जिल्ह्याचा इतिहास बघावा. ऑक्टोबर 2015 मध्ये रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची अबार्थ पुंटो आली होती. 1.4 लिटर टर्बो, 145 अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत 9.95 लाख. व्हेरियंट एकच! म्हणजे घ्यायची तर ही, नाहीतर नाही. लोकांनी बहुतेक ''नाही'' म्हटलं, हेही खरं. चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय 2013 मध्ये 7.99 लाखांना आली आणि तिचे चाहते मात्र अजून हळहळतात. 2022 मध्ये पोलो बंद झाली तेव्हा माझ्या वर्गातल्या एका मुलाने स्टेटसला काळा चौकोन ठेवला होता.

त्याच पोलोची सगळ्यात वरची, खरीखुरी परफॉर्मन्स आवृत्ती म्हणजे जीटीआय. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये आली, तीन दारांची, बाहेरून आयात केलेली, 192 पीएस. फक्त 99 गाड्या आणि किंमत 25.65 लाख. नंतर तीच गाडी 19.99 लाखांवर आणली गेली. पहिल्या दिवशी घेणाऱ्याच्या गाडीत कोणते साडेपाच-पावणेसहा लाख जास्त होते, हे मला कुणी समजावून सांगावं. मे 2025 मध्ये तिची मोठी बहीण गोल्फ जीटीआय आली. 265 पीएस, 5.9 सेकंदांत शंभर, किंमत 53 लाखांच्या घरात, आणि पहिल्या दीडशे गाड्या किंमत कळायच्या आधीच बुक झाल्या. ज्यांना किंमत विचारावी लागत नाही त्यांच्यासाठी ती ''वर्थ इट'' असेलही. त्यांच्याशी माझा वाद नाही. माझा वाद दादाशी आहे, कारण त्याला किंमत विचारावी लागते.

दादाच्या घरची गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. धारूर तालुक्यात ती अनेक घरांची आहे. मामा-मामी बारा वर्षं ऊसतोडीला गेले. दसरा झाला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं आणि दादा आमच्या घरी शाळेला राहायचा. मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता यायचा नाही. त्या घरातला हा पहिला पगार आहे. म्हणून त्याला टॉप हवंय हे मला समजतं. गावात गाडी शिरेल तेव्हा कुणी ''बेस मॉडेल दिसतंय'' म्हणू नये, एवढंच त्याला हवंय. त्याला इंजिनापेक्षा ही गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती खोटी आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण मामाने हप्त्याचा कागद वाचला आणि म्हणाला, ''आमची उचल सहा महिन्यांत फिटायची. तुझी सात वर्षांची दिसतीय.''

दादा दोन दिवस बोलला नाही.

माझं मत त्याला सांगून झालंय. रेसर घ्यायचीच असेल तर आर-वन घे, इंजिन तेच आहे. उरलेल्या पैशातून डाऊन पेमेंट वाढव, सात वर्षांचं कर्ज पाचावर आण, आणि चारही टायर झिजले की टाळाटाळ न करता चांगले टाक, घाटात तेच गाडी धरून ठेवतात. रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच जाणार असेल तर साधी अल्ट्रोझ बघ आणि तोरा विसर.

परवा रात्री त्याचा फोन आला. ''सगळं पटतंय गं,'' तो म्हणाला, ''पण आर-वनला सनरूफ नाही.''

मामी शेजारीच बसलेली होती. तिने विचारलं, सनरूफ म्हणजे काय रे? दादाने सांगितलं, छताला खिडकी असते, वर आभाळ दिसतं.

''अन् त्याला पैशे द्यायचे?'' मामी म्हणाली. ''आपल्या कोपीला होतं की ते.''

दादा आधी हसला, मग बराच वेळ हसतच राहिला. बुकिंग अजून केलेलं नाही.