श्रीनाथची तीन वर्षं

काल जेवणानंतर बराकीत वाद रंगला : भारताचा सगळ्यात भारी वेगवान गोलंदाज कोण? पोरं बुमराशिवाय दुसरं नाव घेईनात. मी जवागल श्रीनाथ म्हटलं, तर एक जण म्हणाला, "तो मॅच रेफ्री?"

हसू आलं आणि रागही. १९९१ ला ब्रिस्बेनमध्ये पहिली कसोटी खेळलेल्या या म्हैसूरच्या इंजिनिअरला मायदेशात पहिली कसोटी मिळाली ती १९९४ मध्ये! घरच्या खेळपट्ट्या फिरकीच्या, त्यात कपिल हॅडलीच्या ४३१ बळींच्या मागे. कपिल माझाही देव, पण बाविशी ते पंचविशीतला वेग कोठारात ठेवून नंतर काढता येत नाही. दोघांना एकत्र खेळवायला हवं होतं. राखीव तुकडीत बसलेल्या कुठल्याही जवानाला विचारा.

तरी ६७ कसोटींत २३६ बळी. १९९९ ला ईडनवर पाकिस्तानचे १३ गडी एकट्यानं काढले. आपण ४६ धावांनी हरलो आणि लोकांच्या लक्षात राहिला सचिनचा रनआउट. पुढे गांगुलीच्या आग्रहाखातर २००३ चा विश्वचषक खेळला, तिथेही १६ बळी.

नेटवर्क आलं तर आज त्या पोराला ईडनचं स्कोअरकार्ड दाखवणार आहे.