अर्धी किल्ली

पुणे-नगर रस्त्यावरच्या सुप्याला आता कारखान्यांची वसाहत झाली आहे. पण आमच्या मामांच्या ओसरीवरची चंची अजून जुनीच आहे. गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितले. तेव्हापासून मामांनी ती पाचदा सोडली आणि पाचदा धरली. "मनच कच्चे," असा मामींचा निवाडा. मी मराठीचा मास्तर, शरीरशास्त्रात मला काय कळते? तरीही हा निवाडा मला पटत नाही.

मामा तंबाखूला चुना लावून मळतात, तेव्हा नकळत रसायनशास्त्राचा प्रयोगच करीत असतात. चुन्यामुळे निकोटिन मोकळे होते आणि गालातून झपाट्याने रक्तात उतरते. मेंदूतल्या मज्जापेशींवर ग्राही नावाची जणू कुलपे असतात. ती शरीराच्या स्वतःच्या ॲसिटिलकोलीनसाठी असली, तरी निकोटिनची किल्लीही त्यांना बसते. कुलूप उघडले की डोपामिन सुटते आणि जिवाला बरे वाटते. हे रोजचे झाले की कुलपे बधिर होतात, आणि मेंदू आणखी कुलपे बसवतो! तंबाखू सुटली की ही सारी रिकामी कुलपे एकदम मागणी करू लागतात. दुसऱ्या दिवशी मामा सुनेवर खेकसतात, ते यामुळे.

२००६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हॅरेनिक्लिन याच कुलपात शिरते, पण अर्धेच फिरते. थोडे डोपामिन सुटते, म्हणून तगमग कमी होते. आणि जागा अडलेली असल्याने वरून तंबाखू खाल्ली तरी पहिली लज्जत येत नाही. मूळ युक्ती एका झाडाची. पिवळ्या फुलांच्या लॅबर्नममधले सायटिसिन बल्गेरियात १९६४ पासून याच कामी येत आहे.

धूम्रपानावर या औषधाचा गुण सिद्ध झाला आहे. आपली तऱ्हा मात्र खाण्याची. दिल्लीत २३७ तंबाखू खाणाऱ्यांवर केलेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांपैकी अधिक जणांनी "सोडली" म्हणून सांगितले. तपासणीत मात्र ठामपणे सांगावा इतका फरक उरला नाही. गोळ्या नेमाने घेणाऱ्यांना लाभ अधिक झाला. म्हणजे नेम आलाच, पण तो गोळीचा. मामांना तो तंबाखूच्या नेमापेक्षा सोपा जावा. गोळ्या सुरू करायच्या त्या तंबाखू सोडण्याच्या आठवडाभर आधी, डॉक्टरांना विचारून. आणि घ्यायच्या जेवणानंतर, बारा आठवडे.